जेम्स व्हाइट (ॲडव्हेंटिस्ट उपदेशक)

जेम्स स्प्रिंगर व्हाइट (४ ऑगस्ट १८२१ – ६ ऑगस्ट १८८१) हे अमेरिकन ख्रिस्ती उपदेशक, संपादक आणि संघटक होते. पत्नी एलन व्हाइट आणि जोसेफ बेट्स यांच्याबरोबर त्यांची गणना सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट या प्रॉटेस्टंट ख्रिस्ती संप्रदायाच्या संस्थापकांमध्ये होते. १८४३ च्या हिवाळ्यात मेन राज्यात घोड्यावरून केलेल्या प्रचारयात्रेने त्यांच्या सार्वजनिक जीवनाला प्रारंभ झाला. पुढे त्यांनी संप्रदायाची पहिली नियतकालिके सुरू केली, मुद्रणालये उभारली, उपदेशकांच्या नियमित निर्वाहाची व्यवस्था घडवून आणली आणि तीन वेळा संप्रदायाच्या महापरिषदेचे अध्यक्षपद भूषविले.

प्रारंभिक जीवन

जेम्स व्हाइट यांचा जन्म अमेरिकेच्या ईशान्य टोकाला, कॅनडाच्या सीमेला लागून असलेल्या मेन राज्यातील पाल्मायरा या गावी झाला. त्यांचे वडील जॉन व्हाइट शेतकरी होते. आईचे नाव बेट्सी. नऊ भावंडांत जेम्स पाचवे. दोन-तीन वर्षांचे असताना त्यांना तीव्र ताप आला आणि त्यानंतर आकडी येऊ लागली. या आजारात त्यांचे डोळे तिरळे झाले आणि दृष्टी इतकी मंदावली की सोळाव्या वर्षापर्यंत त्यांना नीट वाचताही येत नसे. त्यामुळे शाळेत जाण्याचे वय शेतीकामातच गेले.

पुढे दृष्टी सुधारली आणि शिक्षणाची ओढ लागली. वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, आपल्याहून लहान मुलांच्या रांगेत बसण्याचा संकोच बाजूला ठेवून, ते सेंट अल्बन्स येथील शाळेत दाखल झाले. तेथे बारा आठवडे त्यांनी दिवसाचे अठरा-अठरा तास अभ्यास केला आणि शिक्षक होण्याची पात्रता मिळविली. त्या काळी ग्रामीण अमेरिकेत मोठ्या मुलांची शाळा हिवाळ्यातच भरत असे, कारण उन्हाळ्यात मुले शेतावर राबत. व्हाइट यांनी अशा हिवाळी शाळांत शिकविले. पुढील शिक्षणासाठी पैसा जमावा म्हणून त्यांनी पेनॉब्स्कॉट नदीकाठच्या लाकूड कापण्याच्या गिरणीत काम केले. तेथे कुऱ्हाडीचा घाव घोट्यावर बसला व तो पाय दीर्घकाळ अधू राहिला. त्यानंतर आणखी सतरा आठवडे ते शाळेत गेले. त्यांचे सारे औपचारिक शिक्षण एकोणतीस आठवड्यांचे होते.

ख्रिश्चन कनेक्शन या पंथात त्यांचा पंधराव्या वर्षी बाप्तिस्मा झाला होता. पंथनियमांपेक्षा बायबलच्या वाचनाला प्राधान्य देणारा हा पंथ होता.

मिलर यांची चळवळ

न्यूयॉर्क राज्यातील विल्यम मिलर (१७८२–१८४९) हे शेतकरी-उपदेशक १८३१ पासून येशू ख्रिस्ताच्या पुनरागमनाविषयी व्याख्याने देत होते. बायबलमधील दानीएलाच्या पुस्तकातील २३०० दिवस म्हणजे २३०० वर्षे, असा अर्थ लावून त्यांनी हे पुनरागमन १८४३ च्या सुमारास होईल असे गणित मांडले होते. पुनरागमनाला इंग्रजीत ॲडव्हेंट असा शब्द असल्याने त्यांच्या अनुयायांना ॲडव्हेंटिस्ट हे नाव पडले.

व्हाइट यांना ही मते प्रथम आईकडून कळली. सुरुवातीला त्यांना ती अतिरेकी वाटली. मात्र आईने दिलेली उत्तरे त्यांना खोडून काढता आली नाहीत. आपल्या जुन्या विद्यार्थ्यांकडे जाऊन त्यांच्यासाठी प्रार्थना करावी, अशी ओढ त्यांना लागली. पुढील शिक्षणाची स्वप्ने मनात असल्याने त्यांनी ती दडपण्याचा प्रयत्न केला, पण अखेर ट्रॉय या गावी जाऊन विद्यार्थ्यांच्या घरोघर प्रार्थना केल्या. १८४२ च्या शरद ऋतूत एक्सेटर येथील ॲडव्हेंटिस्ट शिबिरसभेला ते उपस्थित राहिले आणि तेथून परतताना त्यांचा निश्चय पक्का झाला होता. भविष्यवाणीची आकृती असलेला एक कापडी तक्ता आणि काही पुस्तिका मिळवून त्यांनी व्याख्याने तयार केली.

हिवाळा आणि उपदेशकांचा प्रवास

महाराष्ट्रात हिवाळा हा प्रवासाला सुखाचा काळ मानला जातो. मेन, व्हरमाँट किंवा मिशिगनमध्ये याच ऋतूत नद्या गोठतात, रस्ते हिमाखाली जातात आणि वाट चुकलेला प्रवासी गारठून मरण पावू शकतो. तरीही एकोणिसाव्या शतकातील फिरते उपदेशक मोठ्या प्रमाणावर हिवाळ्यातच बाहेर पडत. याची कारणे शेतकरी जीवनात होती. नांगरणी, गवतकापणी आणि सुगी संपल्यावर शेतकऱ्याला सवड मिळे. संध्याकाळी लवकर अंधार पडे आणि गावातील शाळेची खोली रात्रीच्या सभेसाठी उपलब्ध असे. वसंत ऋतूत चिखलात रुतणारे रस्ते बर्फ दाबला गेल्यावर गुळगुळीत होत व त्यांवरून घोड्यांच्या स्लेज वेगाने धावत. गोठलेली नदी पुलाचे काम करी. म्हणजे श्रोते मिळण्याचा ऋतू आणि प्रवासाला सर्वांत धोक्याचा ऋतू एकच होता.

या उपदेशकांमागे कोणतीही वेतन देणारी संस्था नव्हती. ज्या घरी मुक्काम होई तेथील जेवण, निघताना कोणी हातावर ठेवलेले नाणे आणि जुने कपडे हीच त्यांची मिळकत. जहाजाचे कप्तान असलेले जोसेफ बेट्स (१७९२–१८७२) यांनी आपली सारी पुंजी प्रचारकार्यात खर्च केल्यावर, साठी जवळ आलेली असताना, कॅनडात खोल हिमातून पायी वाट काढत विखुरलेल्या अनुयायांची घरे गाठली. बाप्तिस्मा पाण्यात पूर्ण बुडवून देण्याची रीत असल्याने हिवाळ्यात तो देण्यासाठी आधी नदीवरील किंवा तळ्यावरील बर्फाचा थर फोडावा लागे.

१८४३ चा हिवाळा

जानेवारी १८४३ मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी, व्हाइट घराबाहेर पडले. वडिलांनी हिवाळ्यापुरता एक घोडा वापरायला दिला. एका धर्मोपदेशकाने जुने खोगीर दिले. त्याच्या गाद्या फाटून निघाल्या होत्या, त्या व्हाइट यांनी स्वतः खिळ्यांनी ठोकून बसविल्या. तक्ता आणि पुस्तिका एका जुन्या पिशवीत बांधल्या. अंगावरचे कपडे थंडीच्या मानाने अपुरे होते आणि खिशात पैसा नव्हता. तयार व्याख्याने मोजकीच होती.

सुरुवातीच्या गावांत श्रोते थोडे होते. केनेबेक नदीकाठच्या ऑगस्टा परिसरात मात्र विरोध उफाळून आला. तेथील शाळेत सभा चालू असताना बाहेर जमाव जमला. एका संध्याकाळी त्यांच्यावर लोखंडी मेख फेकण्यात आली. ती त्यांनी खिशात ठेवली. दुसऱ्या संध्याकाळी खिडक्यांतून बर्फाचे गोळे येऊ लागले. त्यांचे कपडे आणि हातातील बायबल भिजून गेले. व्हाइट यांनी तयार केलेले व्याख्यान सोडून दिले व अंतिम न्यायाच्या दिवसाविषयी बोलू लागले. मग आदल्या दिवशीची मेख खिशातून काढून त्यांनी श्रोत्यांना दाखविली, ती फेकणाऱ्याविषयी मनात राग नसल्याचे सांगितले आणि ख्रिस्ताच्या हातांतून ठोकलेल्या खिळ्यांची आठवण करून देत भिंतीशी दोन्ही हात पसरून उभे राहिले. आरडाओरडा थांबला. सभेच्या शेवटी सुमारे शंभर लोक प्रार्थनेसाठी उभे राहिल्याचे व्हाइट यांनी आत्मचरित्रात नोंदविले आहे. बाहेर पडताना एका व्यक्तीने त्यांचा हात धरून गर्दीतून वाट काढून दिली. ती व्यक्ती कोण होती हे त्यांना अखेरपर्यंत कळले नाही.

त्यानंतर निरनिराळ्या गावांतून बोलावणी येऊ लागली. अनेक दिवस ते दोन-दोन सभा घेत. एका गावातील सभा आटोपून गोठलेल्या वाटेने पुढच्या गावी जायचे आणि दमलेल्या घोड्याची व्यवस्था लावून लगेच बोलायला उभे राहायचे, असा क्रम चालला. घशावर व फुफ्फुसांवर त्याचा परिणाम होऊन आवाज पूर्ण बसला. एप्रिलमध्ये बर्फ वितळू लागल्यावर ते पाल्मायराला परतले. त्यांच्या नोंदीप्रमाणे या एका हिवाळ्यात हजाराहून अधिक लोकांनी ख्रिस्ती श्रद्धेचा नव्याने स्वीकार केला. त्याच वर्षी ख्रिश्चन कनेक्शन पंथाच्या धर्मोपदेशकांनी त्यांना विधिपूर्वक दीक्षा दिली.

महानिराशा आणि विवाह

अपेक्षित काळ उलटल्यावर मिलर यांच्या अनुयायांनी २२ ऑक्टोबर १८४४ ही तारीख निश्चित मानली. अनेकांनी शेतातील पीक उभे सोडले, दुकाने बंद केली. ती तारीखही सरली. इतिहासात हा प्रसंग महानिराशा या नावाने ओळखला जातो. बहुसंख्य अनुयायी पांगले. जे थोडे उरले त्यांना शेजाऱ्यांचा उपहास सोसावा लागला.

या उरलेल्यांत पोर्टलंड येथील एलन हार्मन (१८२७–१९१५) ही तरुणी होती. डिसेंबर १८४४ पासून तिला दृष्टांत होऊ लागले, असे तिचे व तिच्या सहकाऱ्यांचे सांगणे होते. १८४५ मध्ये व्हाइट यांची तिच्याशी प्रचारकार्यानिमित्त भेट झाली आणि ३० ऑगस्ट १८४६ रोजी त्यांचा विवाह झाला. त्याच सुमारास जोसेफ बेट्स यांच्या पुस्तिकेच्या प्रभावाने या दांपत्याने रविवारऐवजी शनिवार हा शब्बाथ, म्हणजे विश्रांतीचा पवित्र दिवस, पाळण्यास सुरुवात केली. संप्रदायाच्या नावातील सेव्हन्थ-डे, म्हणजे सातवा दिवस, हे शब्द यावरून आले.

दारिद्र्याची वर्षे

विवाहानंतर स्वतःचे घर नव्हते. प्रथम एलन यांच्या आईवडिलांकडे आणि नंतर टॉपशम येथील हाउलंड कुटुंबाच्या घरातील वरच्या खोल्यांत ते राहिले. ऑगस्ट १८४७ मध्ये पहिला मुलगा हेन्री जन्मला. व्हाइट रेल्वेमार्गाच्या खोदकामावर दगड वाहत. ती मजुरी वेळेवर मिळेना, तेव्हा हिवाळ्यात ते जंगलात सरपण तोडू लागले. सूर्योदयापासून अंधार पडेपर्यंत राबल्यावर ५० सेंट हातात पडत आणि बरगडीतील वेदनांमुळे रात्री झोप येत नसे. एलन यांनी स्वतःसाठी व बाळासाठी रोज एक पाइंट, म्हणजे अर्ध्या लिटरहून थोडे कमी, दूध लावले होते. एके दिवशी, तीन दिवसांच्या दुधासाठी ठेवलेल्या नऊ सेंटांत बाळासाठी अंगरख्याचे साधे कापड घ्यायचे की दूध, असा प्रश्न त्यांच्यापुढे उभा राहिला; त्यांनी दूध सोडले.

१८४८ च्या उन्हाळ्यात व्हाइट यांनी दोन सहकाऱ्यांसह १०० एकर गवत हाताने कापण्याचे काम एकरी ८७½ सेंट दराने घेतले. त्यातून मिळालेल्या पैशावर त्यांनी त्या वर्षीच्या शब्बाथ पाळणाऱ्यांच्या परिषदांचा प्रवास केला. प्रवासात तान्ह्या हेन्रीचे हाल होत असल्याने त्याला हाउलंड कुटुंबाकडे ठेवण्यात आले. मूल पाच वर्षे आईवडिलांपासून दूर वाढले.

नियतकालिके आणि मुद्रणालय

घोड्यावरून किंवा पायी फिरणारा उपदेशक एका हिवाळ्यात मोजक्याच गावी पोहोचू शकत असे. विखुरलेल्या अनुयायांना एकत्र बांधून ठेवण्यासाठी टपालाने जाणारे पत्रक हा उपाय होता. एलन यांनी तसा आग्रह धरला आणि जुलै १८४९ मध्ये 'द प्रेझेंट ट्रुथ' या पत्रकाचा पहिला अंक निघाला. व्हाइट तेव्हा कनेटिकट राज्यातील रॉकी हिल येथे राहत होते. मुद्रक आठ मैलांवर, म्हणजे सुमारे १३ किलोमीटरवर, मिडलटाउनला होता. अधू पायाने ते अंतर चालून त्यांनी मुद्रिते तपासली. १,००० प्रती छापून आल्यावर घरातल्या मंडळींनी त्यांच्या घड्या घातल्या, पत्ते लिहिले, आणि पिशवीत भरून त्या मिडलटाउनच्या टपाल कार्यालयात नेण्यात आल्या. छपाईचे पैसे उधार होते. ते वाचकांच्या देणग्यांतून फेडले गेले.

नोव्हेंबर १८५० मध्ये मेनमधील पॅरिस या गावी 'सेकंड ॲडव्हेंट रिव्ह्यू अँड सॅबथ हेरल्ड' हे नियतकालिक सुरू झाले. 'ॲडव्हेंटिस्ट रिव्ह्यू' या नावाने ते आजही प्रसिद्ध होते. १८५२ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टर येथे हातयंत्र घेऊन संप्रदायाचे पहिले स्वतःचे मुद्रणालय उभारण्यात आले. वर्षाला १७५ डॉलर भाड्याच्या घरात व्हाइट कुटुंब आणि छापखान्यातील तरुण सहकारी एकत्र राहत. बटाटे महाग म्हणून सलगम खाल्ले जाई. येथेच क्षयरोगाने व्हाइट यांचा भाऊ नॅथनिएल आणि बहीण ॲना यांचा मृत्यू झाला. ॲना मुलांसाठी सुरू केलेल्या 'यूथ्स इन्स्ट्रक्टर' या नियतकालिकाचे संपादन करीत असे. १८५५ मध्ये मिशिगनमधील अनुयायांनी पुढाकार घेऊन मुद्रणालय बॅटल क्रीक या गावी हलविले.

वॉकॉनचा प्रवास

१८५० च्या दशकात अनेक उपदेशक निर्वाहाअभावी काम सोडू लागले. जॉन लफबरो (१८३२–१९२४) आणि जॉन अँड्र्यूज (१८२९–१८८३) हे दोघे तरुण आयोवा राज्यातील वॉकॉन येथे स्थायिक झाले होते. लफबरो तेथे सुतारकाम करू लागले. मोठ्या प्रयत्नाने तयार झालेले उपदेशक अशा रीतीने गमावणे चळवळीला परवडणारे नव्हते.

डिसेंबर १८५६ मध्ये व्हाइट दांपत्य इलिनॉय राज्यातील राउंड ग्रोव्ह येथे सभांसाठी आले होते. वॉकॉन तेथून सुमारे २०० मैलांवर, म्हणजे ३२० किलोमीटरवर, वायव्येस होते. एलन यांनी तेथे जाण्याचा आग्रह धरला. जोसायाह हार्ट आणि एलन एव्हर्ट्स या दोघा सहकाऱ्यांनी स्लेज हाकण्याची जबाबदारी घेतली. बर्फाचा मारा आणि त्यानंतरचा पाऊस यांमुळे वाट बिघडली होती. मिसिसिपी नदीच्या काठी आल्यावर बर्फाच्या थरावर सुमारे एक फूट पाणी चढलेले दिसले. काठावरच्या लोकांनी पुढे जाऊ नका असे सांगितले. बर्फ फुटून गाड्या बुडाल्याच्या वार्ता होत्या. हार्ट यांनी स्लेज थांबवून पुढे जायचे की मागे फिरायचे, असे विचारले. पुढे जाण्याचा निर्णय झाला. घोडे पावलापावलाने पाण्यातून चालले आणि काठावरचे लोक पाहत राहिले. पैलतीर गाठल्यावर पुढचा प्रवास उघड्या माळरानावरून होता. जागोजागी साचलेले हिमाचे ढीग फावड्याने उपसून स्लेजसाठी वाट करावी लागली. बरोबरचे अन्न गोठून जाई.

वॉकॉनच्या लोकांना या पाहुण्यांची अपेक्षा नव्हती आणि पहिली भेट मोकळेपणाची झाली नाही. एलन यांनी लफबरोंना, एलिया संदेष्ट्याला गुहेत विचारलेला बायबलमधील प्रश्न तीन वेळा विचारला. तू येथे काय करीत आहेस, अशा अर्थाचा तो प्रश्न होता. त्यानंतरच्या सभांत मने मोकळी झाली. लफबरो सुतारकाम सोडून पाहुण्यांबरोबर परत निघाले. पुढे त्यांनी कॅलिफोर्निया व इंग्लंड येथे काम केले आणि संप्रदायाचा पहिला इतिहास लिहिला. अँड्र्यूज १८७४ मध्ये संप्रदायाचे पहिले अधिकृत परदेशी धर्मप्रचारक म्हणून स्वित्झर्लंडला गेले.

उपदेशकांच्या निर्वाहाचा प्रश्न

लफबरो परतले, तरी ज्या कारणाने ते गेले होते ते कारण कायम होते. १८५७–५८ च्या संपूर्ण हिवाळ्यात मिशिगनमध्ये केलेल्या कामाबद्दल त्यांना काय मिळाले याची यादी त्यांनी लिहून ठेवली आहे: मेपल वृक्षाच्या रसापासून केलेल्या साखरेच्या दहा-दहा पौंडांच्या तीन ढेपा, दहा बुशेल गहू, पाच बुशेल सफरचंदे, पाच बुशेल बटाटे, थोडे कडधान्य, डुकराची एक मांडी, अर्धे डुक्कर आणि रोख चार डॉलर. इतर उपदेशकांची स्थिती याहून फारशी वेगळी नव्हती.

व्हाइट यांच्या पुढाकाराने बॅटल क्रीक येथे अँड्र्यूज यांच्या नेतृत्वाखाली बायबलच्या आधारे या प्रश्नाचा अभ्यास झाला आणि जानेवारी १८५९ मध्ये नियोजित दानाची योजना स्वीकारण्यात आली. १८ ते ६० वर्षे वयाच्या पुरुषांनी आठवड्याला ५ ते २५ सेंट, स्त्रियांनी २ ते १० सेंट आणि मालमत्तेच्या दर १०० डॉलरांमागे १ ते ५ सेंट द्यावेत, असे तिचे स्वरूप होते. रक्कम लहान असली तरी ती ठराविक वेळी जमा होणार होती, हे तिचे महत्त्व. उत्पन्नाचा दहावा भाग देण्याची पद्धत संप्रदायात पुढे रूढ झाली.

संघटना

चळवळीतील अनेकांचा संघटनेलाच विरोध होता. जुन्या पंथांनी बहिष्कृत केल्याचा अनुभव ताजा असल्याने नाव घेणे, सभासदांची नोंद ठेवणे किंवा कायद्याने मालमत्ता धारण करणे म्हणजे पुन्हा त्याच बंधनात जाणे, असे त्यांना वाटे. मुद्रणालय मात्र व्हाइट यांच्या व्यक्तिगत नावावर होते. आपला मृत्यू झाल्यास लोकांच्या देणग्यांतून उभे राहिलेले हे काम कायद्याच्या दृष्टीने वारसांकडे जाईल, हा मुद्दा त्यांनी वारंवार मांडला.

दीर्घ वादानंतर १ ऑक्टोबर १८६० रोजी सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट हे नाव स्वीकारण्यात आले. १८६१ मध्ये प्रकाशन संस्थेची नोंदणी झाली व मिशिगनमधील मंडळ्यांची परिषद स्थापन झाली. २१ मे १८६३ रोजी बॅटल क्रीक येथे महापरिषदेची स्थापना झाली. त्या वेळी सुमारे ३,५०० सभासद होते. अध्यक्ष म्हणून व्हाइट यांची एकमताने निवड झाली. आपण इतकी वर्षे संघटनेचा आग्रह धरला तो स्वतःच्या सत्तेसाठी, असा समज होऊ नये म्हणून त्यांनी ते पद नाकारले आणि जॉन बायिंग्टन पहिले अध्यक्ष झाले.

याच काळात घरात दोन मृत्यू घडले. डिसेंबर १८६० मध्ये तीन महिन्यांचा जॉन हर्बर्ट गेला. डिसेंबर १८६३ मध्ये, आईवडिलांच्या पूर्वेकडील दौऱ्याच्या काळात, सोळा वर्षांच्या हेन्रीचा फुफ्फुसदाहाने मृत्यू झाला. तो टॉपशम येथे, ज्या घरी त्याचे बालपण गेले त्याच घरी, वारला. एडसन आणि विल्यम ही दोन मुले हयात राहिली.

पक्षाघात आणि राइटचा हिवाळा

१६ ऑगस्ट १८६५ च्या सकाळी मक्याच्या मळ्यातून फिरत असताना व्हाइट यांना पक्षाघाताचा झटका आला. तेव्हा ते ४४ वर्षांचे होते आणि त्याच वर्षी त्यांनी महापरिषदेचे अध्यक्षपद स्वीकारले होते. उपचारासाठी त्यांना न्यूयॉर्क राज्यातील डॅन्सव्हिल येथील डॉ. जेम्स जॅक्सन यांच्या जलोपचार केंद्रात नेण्यात आले. पूर्ण विश्रांती घ्यावी, धार्मिक विषयांचा विचारही टाळावा, असा सल्ला तेथे मिळाला. काही महिन्यांनी एलन यांचे मत बनले की या निष्क्रियतेने पतीचा धीरच खचत आहे. डिसेंबरात त्या त्यांना घेऊन निघाल्या.

पुढील वर्षभरात प्रकृती फारशी सुधारली नाही. सहकाऱ्यांनी आशा सोडली होती. १९ डिसेंबर १८६६ रोजी, हिमवादळ चालू असताना, एलन यांनी पतीला गाडीत बसवून बॅटल क्रीकहून मिशिगनमधीलच राइट या गावाकडे प्रयाण केले. अंतर सुमारे ९० मैल, म्हणजे १४५ किलोमीटर होते. आजारी माणसाला अशा हवेत नेणे म्हणजे त्याचा जीव घेणे आहे, असे मित्रांना वाटत होते. एलन यांची भूमिका अशी की, ज्या कामात त्यांचे आयुष्य गेले त्याच कामात थोडे थोडे उतरल्याशिवाय ते उभे राहणार नाहीत.

राइट येथे रूट कुटुंबाने त्यांना आपल्या घरी ठेवून घेतले. तेथील सुमारे सहा आठवड्यांच्या मुक्कामात व्हाइट रोज थोडे चालू लागले आणि सभांत छोटी प्रवचने देऊ लागले. १८६७ मध्ये या दांपत्याने जवळच ग्रीनव्हिल येथे शेतजमीन घेतली. गवत कापून झाल्यावर व्हाइट यांनी शेजाऱ्यांना मदतीला बोलावले. एलन यांनी आधीच घरोघर जाऊन, सबब सांगून नकार द्यावा, अशी विनंती केली होती. निरुपाय होऊन व्हाइट यांनी स्वतः गाडीवर गवत चढविले आणि गंजी रचली. काही महिन्यांत ते पुन्हा दूरचा प्रवास करण्याइतके सुधारले. सप्टेंबर १८६८ मध्ये संप्रदायाची पहिली मोठी शिबिरसभा राइट येथेच, रूट यांच्या मेपलच्या राईत भरली.

अखेरची वर्षे

व्हाइट यांनी १८६५–६७, १८६९–७१ आणि १८७४–८० या काळात महापरिषदेचे अध्यक्षपद सांभाळले. १८७४ मध्ये कॅलिफोर्नियातील ओकलंड येथे त्यांनी 'साइन्स ऑफ द टाइम्स' हे नियतकालिक सुरू केले आणि पुढील वर्षी तेथे पॅसिफिक प्रेस ही प्रकाशन संस्था स्थापन झाली. १८७४ मध्येच बॅटल क्रीक महाविद्यालय सुरू झाले. 'लाइफ इन्सिडेंट्स' (१८६८) हे आत्मचरित्र आणि विल्यम मिलर यांचे चरित्र (१८७५) ही त्यांची उल्लेखनीय पुस्तके होत.

१८६५ नंतर पक्षाघाताचे आणखी झटके आले. १८८१ च्या ऑगस्टच्या प्रारंभी त्यांना थंडी वाजून ताप भरला. बॅटल क्रीक येथील आरोग्यधामात डॉ. जॉन हार्वी केलॉग यांनी उपचार केले. साठ वर्षे पूर्ण झाल्यानंतर दोन दिवसांनी, शनिवार ६ ऑगस्ट १८८१ रोजी, त्यांचे निधन झाले. बॅटल क्रीकच्या ओक हिल दफनभूमीत त्यांना पुरण्यात आले.

स्वभाव आणि मूल्यमापन

व्हाइट निश्चयी, व्यवहारकुशल आणि अखंड कामात गढलेले गृहस्थ होते. तोट्यातील मुद्रणालय सावरणे, उधारी फेडणे, योग्य तरुण हेरून त्याच्यावर जबाबदारी टाकणे यांत त्यांचा हातखंडा होता. त्याचबरोबर ते फटकळ होते. पक्षाघातानंतर त्यांच्यात संशयीपणा वाढला. सहकाऱ्यांशी आणि काही काळ पत्नीशीही त्यांचे मतभेद झाले. दुसऱ्यांकडे कामे सोपविणे त्यांना कठीण जाई. इतरांना विश्रांतीचा उपदेश करणाऱ्या या माणसाने स्वतः ती क्वचितच घेतली.

त्यांच्या संघटनकार्याचे मूळ प्रवासातील अनुभवांत दिसते. घोड्यावरून पोहोचण्याची मर्यादा त्यांनी १८४३ मध्ये अनुभवली आणि पुढे टपालाने जाणारे पत्र काढले. वॉकॉनला जाऊन थकलेल्या सहकाऱ्याला परत आणल्यानंतर तीन वर्षांच्या आत नियमित दानाची योजना आली. एकाच व्यक्तीच्या खांद्यावर सारे काम असल्याचा धोका १८६५ मध्ये सर्वांच्या ध्यानी आला. तोवर संस्थेची घडी बसली असल्याने त्यांच्या आजारपणातही काम थांबले नाही. या घडणीची किंमत मात्र त्यांच्या प्रकृतीने आणि मुलांच्या बालपणाने चुकविली.

वारसा

संप्रदायाचा विस्तार पुढे प्रामुख्याने प्रकाशने, शाळा आणि रुग्णालये यांच्या आधारे झाला. भारतातही मुद्रित साहित्य उपदेशकांच्या आधी आले: १८९३ मध्ये मद्रास येथे पुस्तके विकणारे दोन ॲडव्हेंटिस्ट प्रचारक दाखल झाले. विल्यम स्पाइसर यांनी कलकत्त्यात 'ओरिएंटल वॉचमन' या नियतकालिकाचे संपादन केले. पुण्यातील ओरिएंटल वॉचमन प्रकाशन संस्था आणि १९४२ मध्ये पुण्यात आलेले स्पाइसर महाविद्यालय, जे आज स्पाइसर ॲडव्हेंटिस्ट विद्यापीठ म्हणून ओळखले जाते, या संस्थांमुळे महाराष्ट्रातील वाचकांना हा संप्रदाय परिचित आहे. त्यांच्यामागील परंपरेचा आरंभ मिडलटाउनच्या टपाल कार्यालयात नेलेल्या १,००० प्रतींपासून होतो.